कैद्यांसाठी वाढलेलं पान

"घाबरू नका, काही कळणार नाही."

हे काकांचं वाक्य. कशालाही वापरायचे. पानात ठेचा वाढताना, गाडी रिव्हर्स घेताना, एकदा तर अमेरिकेतल्या आमच्या गावच्या, कॅरीच्या गणपतीत कोणीतरी भाषणाला उभं राहिलं तेव्हा शेजारच्या खुर्चीतून माझ्या कानाशी वाकून म्हणाले. मिरजेला शिकून इथे आलेले भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या टेबलावरच्या लोकांनी झोपण्याआधी शेवटचं ऐकलं ते हेच वाक्य, अर्थात इंग्रजीत. "आणि माझे सगळे उठले बरं का," हे ते आवर्जून जोडायचे.

तुमच्याही ओळखीत असे एखादे काका असतीलच. रिटायर झाल्यावर बागेत टोमॅटो लावणारे, नाहीतर मंडळाच्या घटनेत दुरुस्त्या सुचवणारे. आमचे काका यातलं काही न करता एका बेटावर जाऊन राहिले. कॅरीत आमच्या शेजारचं चांगलं घर त्यांनी विकलं आणि समुद्राकाठच्या दुसऱ्या ओळीत, लाकडी खांबांवर उभं असलेलं एक घर घेतलं. आम्ही सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. काकू तेवढ्या म्हणाल्या, "राहू दे त्यांना. जन्मभर बिनखिडकीच्या खोलीत काम केलंय."

बेटाचं नाव लिहीत नाही. लोक उन्हाळ्यात तिथे पोहायला जातात. वाळू पांढरी, पाणी कोमट, आइस्क्रीमची दुकानं. पण बेटाच्या दक्षिण टोकाला एक जुनी वसाहत आहे. अमेरिका स्वतंत्र होण्याआधी इंग्लंड आपले कैदी इकडे पाठवायचं. ऑस्ट्रेलिया नंतरची गोष्ट. रुमाल चोरला, मेंढी चोरली, की बसा जहाजात. या बेटावर ते शिंपले भाजून चुना करायचे. त्यांची भट्टी अजून उभी आहे, विटांच्या तीन-चार कोठड्या आहेत, आणि वाळूच्या टेकाडामागे त्यांना पुरलं ती जागा आहे. एकावरही दगड नाही, नाव नाही.

काका तिथे गाइड झाले, फुकट. खाकी हाफ पँट, डोक्यावर हॅट, गळ्यात पट्टीला लटकवलेलं ओळखपत्र. सुट्टीवर आलेल्या गोऱ्या कुटुंबांना त्यांच्याच पूर्वजांची चोरीमारी आमचा मिरजेचा माणूस समजावून सांगायचा. मराठी पाहुणे आले की मराठीतून टूर. "आपलं काळं पाणी अंदमानला. यांचं हे," अशी सुरुवात व्हायची. मग ते सगळ्यांना कोठडीत न्यायचे. दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. भिंतीवर गुडघ्याच्या वर एक हिरवट रेघ आहे, भरतीचं पाणी चढायचं त्याची. काका तिथे बोलायचे थांबायचे. पोरं खुसुखुसू हसायची, मग हसेनाशी व्हायची. बाहेर आलं की काकू डब्यातून लाडू काढायच्या, आणि तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव यायचा.

मला ती जागा कधीच आवडली नाही. उगाच खोटं कशाला बोलू? बीचवर बसलं तरी पाठ त्या टोकाकडे करून बसायची मी.

समुद्र दरवर्षी थोडा आत येत होता. काकांच्या आणि पाण्याच्या मधली घरांची एक ओळ आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा होती, नंतर गेलो तेव्हा नव्हती. काकांच्या शेजारचं घर एका दुपारी, वारा नाही की पाऊस नाही, गुडघे टेकल्यासारखं पाण्यात बसलं. त्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला. उधाणाच्या भरतीला तर काकांच्या घराखाली पाणी यायचं आणि वाहून आलेलं एखादं लाकूड खांबांवर ठक ठक आपटत राहायचं. काकू म्हणायच्या, "कोण आलंय बघा हो खाली." पहिल्या वेळी आम्ही हसलो होतो.

त्यांची मुलगी चँडलरला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, वाळवंटात. तिथे चिप बनवण्याच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. ती दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बापाशी भांडायची. "बाबा, धिस इज नॉट फनी. दोघं माझ्याकडे या, प्लीज." शेवटी काका कबूल झाले. दिवाळीपर्यंत घर सोडायचं आणि चँडलरला जायचं असं ठरलं. काकूंनी डबे निवडायला घेतले. मी सुटकेचा श्वास सोडला.

त्याच भाद्रपदात एक वादळ दुरून गेलं आणि टेकाडाचा एक लचका तोडून गेलं. दुसऱ्या दिवशी काकांना वाळूत एक हाड दिसलं. नडगीचं, लहान चणीच्या माणसाचं. म्युझियमच्या लोकांनी येऊन ते जपून नेलं. काका मला फोनवर म्हणाले, "मी रोज त्याच्या डोक्यावरून चालत होतो गं."

काकू म्हणाल्या, सर्वपित्री अमावास्या आलीच आहे. ज्यांचं करणारं कोणी नाही त्यांचंही त्या दिवशी करतात. आपण जाणारच आहोत, तर जाण्याआधी या लोकांसाठी एक पान वाढू.

काका देवाधर्मातले नव्हते. मिरजेला थोरला भाऊ आईवडिलांचं सगळं करायचा, हे फोनवरून "झालं का?" विचारायचे. पण ते हो म्हणाले. मी शनिवारी पहाटे कॅरीहून निघाले, कारण काकूंना केळीचं पान हवं होतं आणि ते आमच्याकडच्या व्हिएतनामी दुकानातच मिळायचं, फ्रोजन.

काकूंनी साग्रसंगीत केलं होतं. तांदळाची खीर, उडदाचे वडे, गवारीची भाजी, भोपळा, आमसुलाची चटणी. काका पातेल्यात डोकावून म्हणाले, "इंग्रज लोक गवार खातील?"

"जन्मभर चुना खाल्लाय नाकातोंडातून. गवारीला नाव ठेवतायत होय!" काकू म्हणाल्या.

टेकाडाजवळ वाळूवर आम्ही पान मांडलं. दुपारची वेळ, आभाळ शिशाच्या रंगाचं, आणि अमावास्येचं पाणी फार आत आलेलं. कावळे होते. भट्टीच्या काठावर ओळीने बसले होते, पण एकही हलेना. सीगल मात्र लगेच आले. काकांनी विचारलं, "हे चालत नाहीत का?"

"कावळा म्हणजे कावळा," काकू म्हणाल्या आणि पदर झटकून सीगल हाकलायला लागल्या.

बराच वेळ गेला. पानाच्या कडेपर्यंत पाणी येऊन परत गेलं. तुम्हाला ठाऊकच आहे, कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली आहे. मग घरचं कोणीतरी मोठ्यानं कबूल करतं, मुलीचं लग्न करून देऊ, धाकट्याला शिकवू, आणि कावळा खाली येतो. पण इथे कोणाची इच्छा आणि काय, कोणाला माहीत?

"अहो, काहीतरी कबूल करा त्यांना," काकू म्हणाल्या. "माझे गुडघे गेले उभं राहून."

काकांनी हॅट काढली. हात जोडले आणि इंग्रजीत बोलले, कारण त्या लोकांना मराठी कसं कळणार? अगदी पेशंटशी बोलायच्या आवाजात म्हणाले, "ऑल राइट, जेंटलमेन. आय वोन्ट लीव्ह यू."

शब्द संपायच्या आत एक कावळा उतरला. वडा उचलला. मग दुसरा आला, तिसरा आला, आणि पानावर काळा गलबला झाला. आम्ही तिघं हसलो. मग काकांकडे बघून काकू हसायच्या थांबल्या.

दिवाळी आली आणि गेली. काका बेटावरच. आधी वाटलं चेष्टा चालली आहे. "शब्द दिलाय ना," असं हसून सांगायचे. मुलगी चिडली, रडली. काकूंनी निवडलेले डबे परत फडताळात लावले. नाताळच्या सुमाराला मी गेले तेव्हा माझा पारा चढला होता. म्हटलं, "काका, तुम्ही डॉक्टर. गवारीच्या भाजीवर कावळा बसला म्हणून बुडत्या घरात राहणार?"

काका चिडले नाहीत. ते डेकवर खुर्ची टाकून बसले होते, खाली पाणी खांबांना घासत होतं.

"झोपवताना मी प्रत्येकाला एक सांगायचो," ते म्हणाले. "तू उठशील तेव्हा मी इथेच असेन. आणि असायचो. सर्जन जायचे, नर्सेस बदलायच्या, मी डोक्याशी बसून."

"ते जिवंत होते, काका."

"शुद्धीत नव्हते. शुद्धीत नसलेल्याला दिलेला शब्द मोडला तर त्याला कळत नाही. म्हणून तर तो मोडायचा नसतो."

मला त्यांचा राग येत होता आणि त्याच क्षणी असंही वाटत होतं की उद्या मला कोणी टेबलावर झोपवलं तर डोक्याशी हाच माणूस हवा.

पुढच्या वर्षी, पुन्हा भाद्रपदातच, मोठं वादळ सरळ बेटाच्या रोखानं निघालं. बेट रिकामं करायचा हुकूम झाला. काकूंचा मला फोन आला, "तू ये गं. ते गाडीत बसत नाहीयेत." मी ऑफिसातली मीटिंग कॅन्सल केली आणि निघाले. पुलावर समोरून गाड्यांची रांग लागली होती, टपावर सर्फबोर्ड, खिडकीतून बाहेर डोकावणारी कुत्री. आत जाणारी गाडी माझी एकटीच होती. पाणी पुलाच्या पार जवळ आलेलं दिसत होतं आणि त्याचा रंग चहासारखा झाला होता.

घरी पोचले तर डेकवर एक जाडजूड, वयस्क पोलीस उभा होता. दमलेला. घरोघर जाऊन सांगत फिरत होता. काकांचं "नाही" त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग खिशातून एक काळा मार्कर काढला, न पुसला जाणारा.

"सर, जे थांबतात त्यांना आम्ही दंडावर घरच्यांचा फोन नंबर लिहायला सांगतो."

"कशाला?" काकूंनी मला मराठीत विचारलं. पोलीस बुटांकडे बघायला लागला. काकाच म्हणाले, "नंतर ओळख पटवायला बरं पडतं." आणि शर्टाची बाही वर करू लागले.

काकू खुर्चीत बसल्या. हातातल्या बांगड्या त्यांनी कोपरापर्यंत वर सारल्या आणि हात पुढे केला.

"आधी माझ्या हातावर लिहा."

"तू जातेयस हिच्याबरोबर," काका म्हणाले.

"मीच ना कबूल करायला लावलं? माझ्या गुडघ्यांपायी? मग मीही थांबते. लिहा. पोरीचा नंबर लिहा, पाठ आहे ना?"

काकांनी मार्करचं टोपण काढलं. डाव्या हातात काकूंचा हात धरला. भूल द्यायच्या आधी किती हात त्यांनी असे धरले असतील! मार्करचं टोक त्या गोऱ्या, सुरकुतलेल्या कातडीपर्यंत गेलं आणि थांबलं. वाऱ्यानं डेकवरची एक कुंडी कलंडली, कोणी वळून पाहिलं नाही. काकूंनी हात मागे घेतला नाही.

काकांनी टोपण लावलं आणि मार्कर पोलिसाला परत दिला. "थँक यू," म्हणाले. डेकच्या टोकाशी जाऊन टेकाडाच्या दिशेने क्षणभर उभे राहिले, मग जिना उतरून माझ्या गाडीत मागे बसले. पूल ओलांडून होईपर्यंत काकूंनी त्यांची मनगटं दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, आपण रस्ता ओलांडताना लहान मुलाची धरतो तशी.

वादळ ऐन वेळी वळलं. बेटाला धक्का लागला, पण घर उभं राहिलं, जिना तेवढा गेला. टेकाड मात्र अर्धं वाहून गेलं, आणि पुरलेल्यांपैकी कितीतरी जण त्याच्याबरोबर गेले. म्युझियममधल्या बाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा काका माझ्या किचनमध्ये चहा पीत होते. "मी नव्हतो तेव्हा," एवढंच म्हणाले, आणि कप विसळून ठेवला.

ते दोघं परत गेले. पण काकूंचं पोट हिवाळ्यापासून दुखत होतं आणि तपासण्या झाल्या तेव्हा फार उशीर झाला होता. त्या कॅरीच्या हॉस्पिटलमध्येच वारल्या. शेवटचे दिवस काका डोक्याशी खुर्ची ओढून बसून होते. नर्सनं घरी जाऊन झोपा म्हटलं की मान हलवायचे. काकू शुद्धीवर येत तेव्हा डोळे न उघडताच हात चाचपत, आणि काका तिथे असत. त्यांनी काकूंना "घाबरू नकोस" असंही म्हटलं नाही. मला वाटतं, तेच घाबरले होते.

सगळं झाल्यावर मुलगी त्यांना चँडलरला घेऊन गेली. मी तिकडे फोन करायचे. "कसं आहे काका?" "छान आहे. सगळं कोरडं आहे." नात्यात कोणाला न दुखावता तिथून निघायला त्यांना काही महिने लागले. मग एक दिवस फोन आला तो बेटावरून, मागे लाटांचा आवाज. जिना दुरुस्त केल्याचं सांगत होते. मी पुष्कळ बोलले, नको ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

या वर्षीच्या वादळाला मी टीव्हीसमोरून हलले नाही. बेट रिकामं करायचा हुकूम झाल्याबरोबर फोन लावायला घेतला, तो त्यांनी उचलला थेट संध्याकाळी.

"काका, मी निघते आहे. बॅग भरा."

"येऊ नकोस. पूल बंद केलाय."

तो खरंच बंद होता. त्याची खात्री करून मगच त्यांनी माझा फोन उचलला की काय, कोण जाणे.

"पोलिसांना सांगा, ते काढतील बाहेर. काका, मागच्या वेळी निघालात ना? तसेच निघा. काही बिघडलं नाही तेव्हा."

"तेव्हा हिनं हात पुढे केला होता गं." त्यांचा आवाज शांत होता. "आता तिचा हात मध्ये नाही."

मला रडू फुटलं. ते म्हणाले की गाडीची टाकी भरून ठेव, वादळ आत सरकलं तर कॅरीतही लाइट जातील, आणि जेवून घे.

लाइट गेलेच. काकांचा फोन लागेना. दोन दिवस आम्ही सगळे एकमेकांना तेच तेच विचारत होतो. मुलगी चँडलरहून निघाली होती, पण विमानं बंद म्हणून वाटेत कुठेतरी विमानतळावर अडकली होती. मला मेसेजवर मेसेज पाठवत होती, "एनी न्यूज?" आणि मी दर वेळी "नाही अजून" असं लिहीत होते. ते लिहिताना दर वेळी बरं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. बेटावरून नव्हे, पलीकडच्या किनाऱ्यावरून. बोलणारा माणूस हळू आणि जपून बोलत होता. त्यानं माझा नंबर मलाच वाचून दाखवला आणि बरोबर आहे का विचारलं. मी हो म्हटलं.

"मॅम, तुम्ही त्यांच्या डॉटर का?"

"नाही. नेबर. पूर्वीची."

तो जरा घोटाळला. म्हणाला, दंडावर एवढा एकच नंबर आहे, अगदी स्वच्छ अक्षरात. घरच्या कोणाचा नाही. असं सहसा होत नाही.

मला मात्र लगेच कळलं. काकांना मुलीचा नंबर पाठ होता. पण परक्या माणसाच्या तोंडून, एखाद्या विमानतळाच्या गर्दीत उभी असताना तिला हे कळू नये, अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली होती. तिला सांगायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं होतं. मला न विचारता.

मी त्या माणसाचे आभार मानून फोन ठेवला. काय बोलायचं ते मनाशी मराठीत जुळवून पाहिलं, मग इंग्रजीत. दोन्हीत जमेना. तरी तिला फोन लावला, आणि तिनं पहिल्याच रिंगला उचलला.